हरितद्रव्यहीन रानफुले आणि ‘मृतोपजीवी’ ही संज्ञा : एका वैज्ञानिक चुकीचा इतिहास

सारांश : अरण्यातील पालापाचोळ्यातून उगवणाऱ्या, हरितद्रव्य नसलेल्या काही सपुष्प वनस्पतींना दीर्घकाळ ‘मृतोपजीवी’ म्हटले गेले. मोनोट्रोपा ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वनस्पती होय. ती कुजणाऱ्या पानांवर नव्हे, तर कवकाच्या मार्फत जिवंत वृक्षांवर जगते, असे सुचविणारा पुरावा इ. स. १८८२ पर्यंत उपलब्ध झाला होता. तरीही पाठ्यपुस्तकांतील वर्गीकरण शंभराहून अधिक वर्षे बदलले नाही. निरीक्षण, अनुमान, मापन आणि नामकरण या चार टप्प्यांतून या प्रश्नाचा प्रवास कसा झाला आणि चुकीची संज्ञा का टिकली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बीजसंज्ञा : हरितद्रव्यहीन वनस्पती, मोनोट्रोपा, कवकमूल, मृतोपजीवी, परजीवी, विज्ञानाचा इतिहास.

१. प्रस्तावना

वनस्पती हिरवी असते आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने आपले अन्न आपणच तयार करते, हे विधान शालेय शिक्षणापासून मनावर ठसलेले असते. या नियमाला अपवाद असणाऱ्या काही सपुष्प वनस्पती मात्र निसर्गात आहेत. त्यांची पाने खवल्यांएवढी उरलेली असतात. खोड पांढरे, पिवळसर, गुलाबी वा जांभळट असते. वर्षातील बहुतेक काळ त्या जमिनीखालीच राहतात आणि थोड्या दिवसांसाठी फुलाच्या रूपाने वर येतात. त्यांना अन्न कोठून मिळते, हा प्रश्न अठराव्या शतकापासून वनस्पतिशास्त्रज्ञांसमोर होता.

महाविद्यालयीन वनस्पतिशास्त्राच्या अनेक पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत दिलेले आढळते : स्वयंपोषी, परजीवी, मृतोपजीवी आणि कीटकभक्षी असे पोषणाचे चार प्रकार, मृतोपजीवी सपुष्प वनस्पतींची उदाहरणे मोनोट्रोपा व निओटिया. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ही ओळ पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि गुण मिळविले. ही ओळ चुकीची आहे. आज ज्ञात असलेली एकही सपुष्प वनस्पती मृत सेंद्रिय पदार्थांचे स्वतः विघटन करून त्यांवर जगत नाही.

विज्ञानात चुका होतात व त्या दुरुस्तही होतात, हे सर्वश्रुत आहे. येथे लक्ष वेधून घेणारी गोष्ट निराळी आहे. ही चूक दुरुस्त करण्यास लागणारे मुख्य निरीक्षण एकोणिसाव्या शतकातच छापून प्रसिद्ध झाले होते. मग ते वर्गापर्यंत पोहोचण्यास एवढा काळ का लागला? अध्यापकाच्या दृष्टीने हा प्रश्न इतिहासाचा आहे तितकाच व्यवहाराचाही आहे.

२. परावलंबनाचे दोन मार्ग

इतिहासाकडे वळण्यापूर्वी दोन प्रकारांतील फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिला प्रकार थेट परजीवींचा. या वनस्पती शोषक मुळांच्या साहाय्याने दुसऱ्या वनस्पतीच्या ऊतींत शिरतात आणि तेथून पाणी, क्षार व शर्करा घेतात. अमरवेल जमिनीच्या वर हे काम करते. ओरोबँकी कुलातील वनस्पती ते जमिनीखाली, आश्रयी वनस्पतीच्या मुळांवर करतात. तंबाखूच्या पिकात उगवणारी आणि शेतकऱ्याला ‘बंबाखू’ या नावाने परिचित असलेली वनस्पती याच कुलातील होय. ‘ओरोबँकी’ या ग्रीक नावाचा अर्थच ‘कडधान्याच्या वेलीचा गळा आवळणारी’ असा आहे. म्हणजे हा संबंध शेती करणाऱ्या समाजांना प्राचीन काळापासून ठाऊक होता. बांडगुळाची गोष्ट थोडी वेगळी. ते झाडावर वाढते, पण हिरवे असते व काही अन्न स्वतः तयार करते. म्हणून ते अर्धपरजीवी ठरते. मराठीत फुकट पोसल्या जाणाऱ्या माणसाला मात्र बांडगूळच म्हटले जाते, कारण त्याचे परावलंबन डोळ्यांना दिसते.

दुसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही. यात वनस्पतीची मुळे दुसऱ्या वनस्पतीला स्पर्शही करीत नाहीत. दोहोंच्या मध्ये कवकाचे तंतुजाल असते. कवकाला वृक्षाकडून शर्करा मिळते. त्याबदल्यात ते वृक्षाला पाणी व खनिजे पुरविते. या व्यवहारात तिसरी वनस्पती शिरते आणि कवकाकडून शर्करा घेते, परंतु त्याबदल्यात ती कवकाला काही देते असा पुरावा मिळालेला नाही. अशा वनस्पतींना आज ‘कवकपरपोषी’ म्हणता येईल. मोनोट्रोपा या दुसऱ्या प्रकारातील आहे. तिचा इतिहास गुंतागुंतीचा होण्याचे मूळ कारण हेच, की मधला दुवा सूक्ष्म व भूमिगत होता.

३. नामकरणाचा काळ

कार्ल लिनिअस यांनी इ. स. १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात मोनोट्रोपा या प्रजातीतील दोन जाती नोंदविल्या : मोनोट्रोपा युनिफ्लोरा आणि मोनोट्रोपा हायपोपिटिस. ‘हायपोपिटिस’ म्हणजे पाइन वृक्षाखालील. ही वनस्पती विशिष्ट झाडांच्या सावलीत आढळते, हे नाव देणाऱ्यांच्या ध्यानात आले होते. झाडाशी तिचा संबंध काय, हे मात्र नावात सांगितलेले नव्हते.

मोनोट्रोपा युनिफ्लोरा ही मेणासारखी पांढरी वनस्पती. तिच्या प्रत्येक दांड्याच्या टोकाला खाली झुकलेले एकच फूल येते. तिचे इंग्रजी नाव ‘इंडियन पाइप’. येथील ‘इंडियन’ हा शब्द अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसंबंधीचा आहे. झुकलेले फूल आणि सरळ दांडा यांचा आकार त्यांच्या धूम्रपानाच्या नळीसारखा दिसतो. भारतीय विद्यार्थी या नावावरून ती आपल्या देशातील वनस्पती समजतो. योगायोगाने ती हिमालयात आढळतेही. पूर्व आशिया व उत्तर अमेरिका येथील वनस्पतींमधील साम्याकडे आसा ग्रे यांनी १८५९ मध्ये लक्ष वेधले होते. मोनोट्रोपाचे वितरण याच स्वरूपाचे आहे. डेव्हिड डॉन यांनी नेपाळच्या वनस्पतींवरील १८२५ च्या ग्रंथात तिच्या एका निकटवर्ती जातीचे वर्णन केले. जोसेफ हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’चा तिसरा खंड १८८२ मध्ये पूर्ण झाला, त्यात या कुलाला स्थान मिळाले.

या काळातील वनस्पतिशास्त्राचे मुख्य साधन म्हणजे वाळवलेले नमुने. मोनोट्रोपा दुखावली किंवा वाळली की काळी पडते. ती मुळांसह अखंड उपटून काढणेही कठीण. संग्रहालयातील कागदावर चिकटवलेल्या काळ्या काडीवरून फुलाची रचना व कुल ठरविता येत होते. तिचे जगणे कळणे शक्य नव्हते. नाव मिळाले, जीवनक्रम अज्ञात राहिला.

४. निरीक्षण : १८४१ ते १८४२

पोषणासंबंधीचा पहिला उल्लेखनीय वाद इंग्लंडमध्ये झाला आणि तो ‘फायटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकाच्या आरंभीच्या अंकांत छापला गेला. एडविन लीस यांनी मोनोट्रोपा हायपोपिटिसच्या मुळांभोवती असलेल्या केसांसारख्या तंतूंकडे लक्ष वेधले आणि ही वनस्पती बीच वृक्षाच्या मुळांवर परजीवी असावी असे मत मांडले. इतरांनी खणून पाहिले. वृक्षाच्या मुळात शिरलेले शोषक अंग त्यांना सापडले नाही. टी. जी. रायलँड्स यांनी १८४२ मध्ये हे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ते वनस्पतीचे नसून कवकाचे आहेत, हे त्यांनी ओळखले.

येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. रायलँड्स यांनी कवक बरोबर ओळखले, परंतु वनस्पतीच्या जीवनात त्याचे कोणतेही आवश्यक कार्य नाही, असा निष्कर्ष काढला. तत्कालीन समजुतीनुसार तो अस्वाभाविक नव्हता. कवक म्हणजे कुजण्याचे चिन्ह किंवा रोगाचे कारण, अशीच दृष्टी होती. कवक व वनस्पती परस्परांना उपकारक ठरू शकतात, ही कल्पनाच उपलब्ध नव्हती. वस्तू समोर होती. ती ठेवण्यास विचारात जागा नव्हती.

५. अनुमान : कामिएन्स्की आणि फ्रँक

ही जागा पुढील चाळीस वर्षांत तयार झाली. सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये दगडफूल हे एक सजीव नसून कवक व शैवाल यांचे संयुक्त शरीर आहे, असे प्रतिपादन केले. त्यावर मोठा विरोध झाला. आंतोन द बारी यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानातून ‘सहजीवन’ ही संकल्पना मांडली. भिन्न नावाच्या सजीवांचे एकत्र राहणे, असा तिचा व्यापक अर्थ होता. त्यात परस्परोपकार होता तसे परजीवनही होते.

या पार्श्वभूमीवर पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्चिशेक कामिएन्स्की यांनी मोनोट्रोपा हायपोपिटिसच्या मुळांचा बारकाईने अभ्यास केला. १८८१ मध्ये त्यांनी प्राथमिक टिपण आणि १८८२ मध्ये विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा युक्तिवाद साधा व भक्कम होता. मुळाचा संपूर्ण पृष्ठभाग कवकाच्या आवरणाने झाकलेला आहे. मुळाचा मातीशी कोठेही प्रत्यक्ष संबंध येत नाही. वृक्षाच्या मुळांशी जोडणारे शोषक अंगही नाही. तेव्हा वनस्पतीला जे काही मिळते ते कवकातूनच गेले पाहिजे. असेच आवरण शेजारच्या वृक्षांच्या मुळांवर असल्याचेही त्यांनी नोंदविले. कवक वनस्पतीला अपाय करीत नाही. ते तिचे पोषण करते, हा त्यांचा निष्कर्ष होता. मृत पानांवरील उपजीविकेची कल्पना येथेच मोडीत निघावयास हवी होती.

तीन वर्षांनी, १८८५ मध्ये, आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रँक यांनी ‘मायकोऱ्हायझा’ म्हणजे कवकमूल ही संज्ञा घडविली. प्रशियाच्या सरकारने त्यांच्याकडे ट्रफल या मौल्यवान भूमिगत कवकाच्या लागवडीची शक्यता पाहण्याचे काम दिले होते. ट्रफलची लागवड साधली नाही; मात्र ओक, बीच, पाइन अशा अनेक वृक्षांची कोवळी मुळे सर्रास कवकाने वेढलेली असतात, हे फ्रँक यांच्या ध्यानात आले. कवक हे वृक्षाला पाणी व अन्नद्रव्ये पाजणाऱ्या दाईसारखे आहे, असे त्यांनी सुचविले. रोबर्ट हार्टिग यांच्यासारख्या वनरोगतज्ज्ञांनी त्याला विरोध केला. त्यांच्या मते हे कवक परजीवीच होते.

कामिएन्स्की पुढे ओडेसा येथील विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचे नाव कवकमुळाच्या इतिहासात येते, पण फ्रँक यांच्या तुलनेने अस्पष्टपणे. याचे एक कारण स्पष्ट दिसते. फ्रँक यांनी नवी संज्ञा दिली, कामिएन्स्की यांनी दिली नाही. संज्ञेमुळे विचार एका हातातून दुसऱ्या हातात सहज जातो. निनावी निष्कर्ष ज्या निबंधात लिहिला जातो तेथेच बहुधा राहतो.

६. बर्नार्ड यांचे ऑर्किड

फ्रान्समध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू उजेडात आली. नोएल बर्नार्ड हा तरुण संशोधक मे १८९९ मध्ये फाँतेनब्लोच्या अरण्यात निओटिया निडस-एव्हिस या हरितद्रव्यहीन ऑर्किडचे निरीक्षण करीत असता त्याला जमिनीत गाडले गेलेले एक जुने फळ व त्यातील अंकुरलेली बीजे सापडली. प्रत्येक अंकुरात कवकाचे तंतू शिरलेले होते. ऑर्किडच्या धुळीएवढ्या बीजात अन्नसाठा जवळजवळ नसतो. कवकाचा प्रवेश झाल्याखेरीज त्याची वाढ होत नाही, हे यावरून उमगले. ऑर्किडची बीजे हुकमी रुजविता येत नसल्याने त्रस्त असलेल्या युरोपातील बागायतदारांसाठी हा शोध मोलाचा होता. बर्नार्ड १९११ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी निधन पावले.

त्यांच्या शोधाचा अर्थ व्यापक होता. हिरव्या ऑर्किडनाही बाल्यावस्थेत कवकाचा आधार लागतो. निओटियासारखी जाती जणू आयुष्यभर त्या बाल्यावस्थेतच राहते. हरितद्रव्यहीन वनस्पती ही निसर्गातील विकृती नव्हे. ती एका सामान्य व्यवहाराची टोकाची अवस्था आहे, असा निष्कर्ष यातून निघत होता. तरीही पाठ्यपुस्तकांत निओटिया ‘मृतोपजीवी’च राहिली.

७. चुकीची संज्ञा का टिकली?

या टिकून राहण्याची किमान चार कारणे देता येतात.

पहिले कारण दृश्याचे. मोनोट्रोपा दाट सावलीत, कुजलेल्या पानांच्या जाड थरातून वर येते. जेथे ती उगवते तेथूनच तिला अन्न मिळते, असे मानणे साहजिक होते.

दुसरे कारण वर्गीकरणाचे. कवकांसाठी मृतोपजीवी व परजीवी हे दोन कप्पे एकोणिसाव्या शतकात पक्के झाले आणि तेच सपुष्प वनस्पतींना लावले गेले. मोनोट्रोपाला शोषक मुळे नाहीत, म्हणून ती परजीवी नाही; परजीवी नाही, म्हणून मृतोपजीवी, असे हे वर्जनाचे तर्कशास्त्र होते. तिसऱ्या शक्यतेचा विचार करण्याची गरज कप्प्यांनीच काढून घेतली. शिवाय मोनोट्रोपा व तिच्यासारख्या वनस्पती काढून घेतल्या तर सपुष्प वनस्पतींपुरता हा कप्पा रिकामा पडत होता. तक्ता पूर्ण दिसावा यासाठी उदाहरण हवे होते.

तिसरे कारण साधनांचे. कवकाच्या तंतूंतून काय वाहते आणि कोणत्या दिशेने वाहते, हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. कामिएन्स्की यांचा युक्तिवाद रचनेवर आधारलेला होता. प्रवाह मोजण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते.

चौथे कारण अध्यापनाचे, आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांना ते विशेष लागू पडते. मोनोट्रोपा सह्याद्रीत उगवत नाही. हिमालयातील शंकुधारी वृक्ष व ओक यांच्या थंड अरण्यात ती वाढते. येथील अध्यापकाने व विद्यार्थ्याने ती बहुधा चित्रातच पाहिलेली असते. जे उदाहरण प्रत्यक्ष पाहता येत नाही ते तपासताही येत नाही. ते एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जसेच्या तसे उतरते. मराठीत तर ‘मृतोपजीवी’ किंवा ‘शवोपजीवी’ या संज्ञा इतक्या अर्थवाही आहेत, की मूळ संज्ञेतील चूक भाषांतरात अधिक ठाम झाली.

८. मापन : १९६०

कार्बन-१४ हे किरणोत्सर्गी समस्थानिक मार्टिन केमन व सॅम रूबेन यांनी १९४० मध्ये शोधले. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी समस्थानिके जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांना उपलब्ध होऊ लागली आणि पदार्थाचा प्रवास अनुसरणे शक्य झाले. स्वीडनमधील वनशास्त्रज्ञ एरिक ब्योर्कमन यांनी या साधनाचा उपयोग केला. त्यांनी स्प्रूस व पाइन वृक्षांच्या खोडात कार्बन-१४ ने अंकित केलेली शर्करा टोचली. काही दिवसांनी त्या वृक्षांजवळ वाढणाऱ्या मोनोट्रोपा हायपोपिटिसमध्ये किरणोत्सर्ग आढळला. हा अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. वृक्षात तयार झालेली शर्करा कवकाच्या तंतूंतून मोनोट्रोपापर्यंत पोहोचते, हे आता केवळ अनुमान राहिले नाही. ब्योर्कमन यांनी तिला वृक्षमुळांवरील ‘अधिपरजीवी’ म्हटले.

लीस यांचे १८४१ चे मत अशा प्रकारे वेगळ्या अर्थाने खरे ठरले. मोनोट्रोपा वृक्षावर जगते. मात्र थेट नव्हे. रायलँड्स यांचे निरीक्षणही खरे ठरले. तंतू कवकाचेच होते. ते निरुपयोगी मात्र नव्हते. दोघांच्या विधानांतील खरा अंश एकत्र येण्यास सुमारे १२० वर्षे लागली.

९. नामकरणाची दुसरी फेरी : १९९४ व त्यानंतर

ब्योर्कमन यांच्या प्रयोगानंतरही ‘मृतोपजीवी’ ही संज्ञा संशोधनपर लेखनातून लगेच गेली नाही. जोनाथन लीक यांनी १९९४ मध्ये एका विस्तृत समीक्षालेखात ती सदोष असल्याचे दाखवून ‘मायको-हेटरोट्रॉफ’, म्हणजे कवकपरपोषी, ही संज्ञा सविस्तर मांडली. त्यांनी तेव्हा ८७ प्रजातींतील चारशेहून अधिक जाती या गटात मोजल्या. पुढील काळात हा आकडा पाचशेपलीकडे गेला. २००५ मध्ये त्यांनी ‘मृतोपजीवी वनस्पती’ ही दंतकथाच आहे, असे स्पष्ट शब्दांत प्रतिपादन केले.

दरम्यान डीएनए तंत्रामुळे मुळातील कवक नेमके कोणते, हे ओळखता येऊ लागले. केनेथ कलिंग्ज, टिमोथी झारो व थॉमस ब्रन्स यांनी १९९६ मध्ये, तसेच मार्टिन बिडार्टोंडो व ब्रन्स यांनी २००१ मध्ये दाखविले की या वनस्पती कवकांच्या बाबतीत कमालीच्या निवडक आहेत. मोनोट्रोपा युनिफ्लोरा रसुला व तिच्या कुलातील कवकांवर, तर मोनोट्रोपा हायपोपिटिस ट्रायकोलोमा या कवकावर अवलंबून असते. ही कवके जिवंत वृक्षांच्या मुळांशी संबंध ठेवणारी आहेत. एखाद्या वनस्पतीला पानांच्या कुजण्यावर जगावयाचे असते, तर विशिष्ट वृक्षसोबती कवकाशी एवढी बांधिलकी अनाकलनीय ठरली असती. गेर्हार्ड गेबाउअर व मेयर यांनी २००३ मध्ये नैसर्गिक समस्थानिकांच्या प्रमाणावरून ऑर्किडमधील कवकजन्य पोषण ओळखता येते, हे दाखविले. त्यानंतर काही हिरव्या ऑर्किडही आपल्या कार्बनचा काही भाग कवकाकडून घेतात, हे स्पष्ट होऊ लागले. स्वयंपोषी व परपोषी यांच्यातील रेषाही त्यामुळे पूर्वीइतकी ठळक राहिली नाही.

१०. सह्याद्रीतील साक्ष

मोनोट्रोपा सह्याद्रीत नसली तरी हरितद्रव्यहीन रानफुले येथे आहेत, आणि वरील दोन्ही मार्ग येथे प्रत्यक्ष दाखविता येतात. पावसाळ्यात गवत व बांबू यांच्या मुळांवर एजिनेशिया इंडिका ही जांभळट, झुकलेल्या फुलाची वनस्पती उगवते. तिची नोंद व्हॅन रीड यांच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ (१६७८–१६९३) या ग्रंथात आहे. या ग्रंथासाठी कोचीन येथील रंगा भट, विनायक पंडित व अपू भट या कोकणी वैद्यांनी साहाय्य केले होते आणि त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. लिनिअस यांनी १७५३ च्या ग्रंथात मोनोट्रोपाबरोबर या वनस्पतीलाही नाव दिले. जपानमध्ये तिचे नाव ‘परदेशी लोकांची तंबाखूची नळी’ या अर्थाचे आहे. दोन खंडांतील लोकांना, एकमेकांशी नाते नसलेल्या दोन वनस्पतींत, धूम्रपानाच्या नळीचाच आकार दिसला.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ (१९०१–१९०८) या ग्रंथात एजिनेशिया व क्रिस्टिसोनिया या प्रजातींची वर्णने दिली आहेत. क्रिस्टिसोनियाच्या काही जाती कारवीच्या प्रजातीतील वनस्पतींच्या मुळांवर वाढतात. या दोन्ही प्रजाती थेट परजीवी आहेत. माती काळजीपूर्वक बाजूला केली तर त्यांचा आश्रयी वनस्पतीशी असलेला जोड पाहता येतो.

पश्चिम घाटातील एपिपोगियम रोझियम हे हरितद्रव्यहीन ऑर्किड दुसऱ्या मार्गाचे उदाहरण आहे आणि त्याची कथा मोनोट्रोपाहून भिन्न आहे. यामातो व सहकाऱ्यांनी जपानमध्ये २००५ मध्ये त्याच्यातील कवके वेगळी करून ओळखली. ती कुजणाऱ्या पदार्थांवर जगणारी कवके निघाली. त्याच गटाने २००७ मध्ये अशा कवकाच्या सोबतीने हे ऑर्किड बीजापासून फुलापर्यंत वाढविले. जिवंत वृक्षाची गरज पडली नाही. येथे मृतोपजीवी कोणी असेल तर ते कवक आहे. ऑर्किड त्या कवकावर जगते. म्हणजे ‘मृतोपजीवी’ या संज्ञेचा अर्थ जेथे सर्वांत जवळ येतो, तेथेही ती वनस्पतीला लागू होत नाही.

११. उलट दिशेची घाई

१९९७ मध्ये सुझन सिमार्ड व सहकाऱ्यांनी ब्रिटिश कोलंबियातील अरण्यात बर्च व डग्लस फर यांच्यामध्ये कार्बनची देवाणघेवाण होत असल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर ‘अरण्याचे जाळे’ ही कल्पना लोकप्रिय झाली. झाडे कवकाद्वारे परस्परांना पोसतात, इशारे देतात, आपल्या पिलांना ओळखतात, अशी विधाने पुस्तकांतून व चित्रपटांतून पसरली. जस्टिन कार्स्ट, मेलानी जोन्स व जेसन होक्सेमा यांनी २०२३ मध्ये या विधानांचा पुरावा तपासला आणि अनेक दावे उपलब्ध प्रयोगांच्या पलीकडे गेलेले आहेत, असे दाखविले.

मोनोट्रोपाचे उदाहरण या वादात उपयुक्त आहे. हिरव्या झाडात सापडलेला कार्बन त्याने स्वतःच हवेतून घेतलेला असू शकतो. म्हणून कवकातून आलेला अंश मोजणे अवघड असते. हरितद्रव्यहीन वनस्पतीला ही सोय नाही. तिच्या शरीरातील सेंद्रिय कार्बन बाहेरूनच आला पाहिजे. कवकातून वनस्पतीकडे कार्बन जाऊ शकतो, हे ती निःसंशय सिद्ध करते. तो मार्ग औदार्याचा आहे, हे मात्र ती सिद्ध करीत नाही. तिचे स्वतःचे वर्तन औदार्याच्या उलट आहे. एकोणिसाव्या शतकात कवकाचे कार्य नाकारण्याची घाई झाली होती. अलीकडे त्यावर मानवी सद्गुण आरोपित करण्याची घाई झाली. दोन्ही वेळी पुराव्याच्या आधी शब्द पुढे गेला.

१२. समारोप

मोनोट्रोपाच्या पोषणाचा इतिहास चार तारखांत मांडता येतो. १८४२ मध्ये कवक दिसले, १८८२ मध्ये त्याचे कार्य ओळखले गेले, १९६० मध्ये ते मोजले गेले आणि १९९४ मध्ये त्याला योग्य नाव रूढ झाले. निरीक्षण व नामकरण यांच्यामध्ये १५२ वर्षांचे अंतर आहे. या काळात नवे प्रयोग होत होते; तरी वर्गात शिकविला जाणारा तक्ता मात्र तोच राहिला.

यावरून अध्यापनासाठी काही सूचना निघतात. पोषणप्रकारांच्या तक्त्यातून मोनोट्रोपा व निओटिया यांना ‘मृतोपजीवी’ या रकान्यातून काढून ‘कवकपरपोषी’ या स्वतंत्र रकान्यात ठेवणे आवश्यक आहे. मराठी परिभाषेत या संज्ञेला एक निश्चित पर्याय ठरविला जावा. जेथे शक्य असेल तेथे हिमालयातील चित्रातल्या उदाहरणाऐवजी सह्याद्रीतील एजिनेशिया व एपिपोगियम यांचा अभ्यास व्हावा. मात्र अशा वनस्पती उपटून वर्गात आणू नयेत. त्यांचे जीवन आश्रयी वनस्पती, कवक व माती यांच्याशी जोडलेले असते. स्थलांतर केल्यास त्या जगत नाहीत, आणि गवताळ सडा किंवा कारवीचे रान नष्ट झाले की त्याही नष्ट होतात.

एवढे केल्याने विद्यार्थ्याचे एका गुणाचे उत्तर बदलेल. त्याहून महत्त्वाचे हे, की ते उत्तर का बदलले, कोणी बदलले आणि बदलण्यास एवढा काळ का लागला, हे त्याला समजेल. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक ओळीमागे असा इतिहास असतो. तो विचारण्याची सवय लागली, तर पावसाळी सहलीत पायाजवळ उगवलेले पान नसलेले फूल पाहून ‘हे कशावर जगते?’ हा प्रश्न विद्यार्थी स्वतःहून विचारील.